अण्णा साळिंदरांचं स्मृतिबीळ

एका जंगलात, मुलांनो, एक लेखक राहत होते. हसू नका. जंगलात लेखक असतात. उलट लेखक जरा जास्त झाले की चांगल्या जागेचं जंगल व्हायला वेळ लागत नाही.

त्यांचं नाव नरहर साळिंदर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. साळिंदर असल्यामुळे त्यांना लेखणी शोधावी लागत नसे. पाठीवरचा एक काटा उपटायचा आणि लिहायला बसायचं. लिहून झालं की तोच काटा कुणाला तरी टोचायचा. त्यामुळे अण्णांचं नाव मोठं होतं आणि मित्र कमी होते.

अण्णांना खोटं बोललेलं खपत नसे. चुकीचं बोललेलं तर मुळीच खपत नसे. समोरच्याच्या घरात आग लागली आणि तो "आग लागला" असं ओरडत आला, तर अण्णा आधी लिंग सुधारत आणि मग पाणी आणत.

त्या जंगलात एक रीत होती. घरातून निघताना "जातो" म्हणायचं नाही. "येतो" म्हणायचं. तुमच्या घरीही असंच म्हणतात की नाही? अण्णांना ह्या रीतीचा भारी राग. "निघालात ना? म्हणजे जाताय. मग येतो काय म्हणता?" ह्या विषयावर त्यांनी एक लांबलचक लेखही लिहिला होता. जंगलाने तो वाचला नाही, पण न वाचताच जंगल रागावलं.

एका उन्हाळ्यात अण्णांचा गुडघा धरला. नदीपलीकडे त्यांची लेक राहायची. तिथल्या वैदूचा लेप गुणकारी होता. अण्णांनी बोचकं बांधलं आणि निघताना शेजारच्या टिटवीबाईंना सांगितलं, "बाई, जातो."

"असं बोलू नये हो अण्णा. येतो म्हणावं," टिटवीबाई म्हणाल्या.

"जातो," अण्णा ठासून म्हणाले, आणि गेले.

टिटवीबाईंच्या पोटात काही राहत नसे. जवळच्या उंबरावर धनेश पक्षी बसला होता. बाईंनी त्याला लगेच सांगितलं, "अण्णा गेले हो!"

"काय सांगता! कधी?"

"आत्ताच. सकाळीच."

"अरेरे! आणि गेले कसे?"

"चालत."

"म्हणजे चालता-बोलता गेले! भाग्य लागतं. फार त्रास झाला का?"

"गुडघ्याचा होता थोडा."

"शेवटी काही बोलले?"

"जातो म्हणाले."

धनेशाने पंख मिटले. "पुण्यवान जीव. त्यांना आधीच कळलं होतं."

टिटवीबाईंना यात काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण एवढा मान देऊन त्यांचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्या गप्प बसल्या. टिटवी गप्प बसली म्हणजे बातमी पक्की, असं जंगलाने धरलं.

संध्याकाळी शोकसभा झाली. मुंगूस समीक्षक होता. सापांतून सवड मिळाली की तो अण्णांच्या पुस्तकांच्या मागे लागायचा. सर्वांत जास्त तोच रडला. "अण्णांचे आणि माझे मतभेद होते, पण..." असं म्हणून त्याने सुरुवात केली, आणि त्या 'पण'नंतर तो चंद्र मावळेपर्यंत बोलत होता. वनराज सिंह म्हणाले, "अण्णा हे माझे आवडते लेखक." मग त्यांनी चिटणिसाच्या कानात विचारलं, "काटेवाले ना?"

तिथेच ठरलं. अण्णांचं बीळ जतन करायचं. स्मारक समितीच्या अध्यक्षपदी घोरपडबाईंची निवड झाली. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, म्हणून अशा पदांवर तिलाच नेमतात.

इकडे अण्णांचा गुडघा बरा झाला. लेकीच्या घरी सगळं होतं. रोज कंदमुळं होती, नातवंडं होती, जावई शेपूट खाली घालून बोलत होता. फक्त झोप नव्हती; परक्या गादीवर पाठ धरायची. अण्णांना झोप यायची ती त्यांच्या स्वतःच्या बिळात, स्वतःच्या गवताच्या गादीवर. वर्षानुवर्षं झोपून त्या गादीत त्यांच्या अंगाचा खळगा पडला होता. त्या खळग्यात एकदाचं आडवं व्हायचं, एवढी एकच इच्छा घेऊन अण्णा पावसाळा संपल्यावर घरी निघाले.

घराशी आले तर दारात गवा उभा. वर पाटी. 'कै. नरहर साळिंदर स्मृतिबीळ'.

"पंजे पुसा आणि रांगेत उभे राहा," गवा म्हणाला.

"अहो, हे माझं घर आहे."

"आपल्या सगळ्यांचंच आहे, आजोबा. ठेवा आहे तो जंगलाचा. रांगेत या."

"तसं नव्हे. मी नरहर साळिंदर."

गवा जराही दचकला नाही. "असं रोज कुणीतरी येतं. परवा एक ससा आला होता. तो तर रडलासुद्धा. सरका, मागच्यांना वाट द्या."

अण्णा रांगेत उभे राहिले. स्वतःच्या घरात शिरायला रांगेत उभं राहताना फार अपमान वाटतो, मुलांनो. पण त्यांना झोप आली होती, आणि झोप आलेला जीव मान-अपमानाचा फार वेळ विचार करत नाही.

आत एक साळुंकी माहिती सांगत होती. तिचं सगळं पाठ होतं. कुणी मध्येच शिंकलं तर ती पहिल्यापासून सुरू करायची.

"ही खिडकी बघा. ह्याच खिडकीत बसून अण्णांनी आपली अजरामर पुस्तकं लिहिली."

अण्णांनी पाहिलं. बिळाच्या भिंतीला भलंमोठं भोक पाडलेलं होतं. तिथून गार वारा भसाभस आत येत होता.

"इथे खिडकी नव्हती," अण्णा म्हणाले. "बिळाला कुठे खिडकी असते?"

"लेखकाच्या घराला खिडकी असतेच, आजोबा. नाहीतर ते शून्यात बघणार कुठून?" साळुंकी पुढे सरकली. "ही अण्णांची दौत. हात लावू नका. ह्या दौतीतल्या शाईने जंगल जागं केलं."

हरणांच्या एका कुटुंबाने दौतीला डोकं टेकवलं. बाळहरणाचं डोकं आईने धरून टेकवलं.

ती अण्णांची पिकदाणी होती. अण्णांना सांगावंसं वाटलं, पण त्या माउलीच्या चेहऱ्यावरचा भाव बघून त्यांचा धीर झाला नाही.

"आणि हे बिळाचं दुसरं तोंड. रसिकांना आत येऊन बाहेर पडायला सोयीचं जावं म्हणून अण्णांनी दूरदृष्टीने खोदलेलं."

वास्तविक ते तोंड नवकवींसाठी होतं. म्हणजे, पुढच्या तोंडातून नवकवी वही घेऊन आत आला की मागच्या तोंडातून अण्णांना बाहेर पडता यावं म्हणून. हेही अण्णांनी सांगून बघितलं. "आजोबा, तुम्हांला अण्णांबद्दल इतका राग का आहे?" साळुंकीने विचारलं, आणि सगळी हरणं अण्णांकडे रागाने बघू लागली.

शेवटी ती खोली आली. गवताची गादी जशीच्या तशी होती. खळगासुद्धा होता. भोवती वेलीची दोरी बांधली होती. "ह्या गादीवर अण्णांनी अखेरचा श्वास..." साळुंकी गहिवरून म्हणत होती.

अण्णांना राहवेना. त्यांनी दोरी ओलांडली आणि खळग्यात अंग टाकलं. अहाहा! पाठ टेकली, काटे मिटले. कितीतरी महिन्यांनी अण्णांना बरं वाटलं.

मग एकच ओरडा झाला. साळुंकी ओरडली, हरणं ओरडली, आणि त्या सगळ्यांवर ताण करत टिटवीबाई ओरडत आल्या. बाई आता स्मारकात नोकरीला होत्या. अण्णांचे शेवटचे शब्द ऐकणाऱ्या त्या एकमेव. ते शब्द त्या रोज पाहुण्यांना म्हणून दाखवत. त्यांनी अण्णांकडे बघितलं, आणि त्यांचं ओरडणं थांबलं.

"बाई, तुम्ही तरी सांगा," अण्णा म्हणाले.

टिटवीबाई त्यांच्या कानाशी आल्या. "ओळखलं हो, अण्णा. तुमचे काटे नाही का ओळखणार मी? बरं वाटलं तुम्हांला बघून, खरंच. पण आता लोक मला ताई म्हणतात. पोरं पाया पडतात. इतकी वर्षं नुसती किंचाळते म्हणून दगड मारायचे. तुम्ही थोडं आधी यायला हवं होतं हो."

बाई खोटं बोलत नव्हत्या.

त्यांना घोरपडबाईंपुढे नेलं. अध्यक्षांचं कार्यालय अण्णांच्या स्वयंपाकघरात होतं. घोरपडबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही जिवंत आहात हे मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "वैयक्तिक पातळीवर. समितीला मान्य नाही."

"मग माझं घर?"

"जिवंत लेखकाला एवढी मोठी जागा कोण देईल? तुम्हीच सांगा. जिवंत होता तेव्हा तुमच्या दारी कोण यायचं? नवकवी. आता बघा, रांग आहे. तुमच्या नावाची शाळा आहे, पाणवठा आहे. तुमच्या पुण्यतिथीला सुट्टी आहे. पोरांच्या सुट्टीवर पाणी ओतायचंय तुम्हांला?"

"लोक वाचतात का हो आता मला?" अण्णांनी विचारलं. मुलांनो, हा प्रश्न कुठलाही लेखक, मेला तरी, विचारल्याशिवाय राहत नाही.

"वाचत नाहीत. मानतात."

अण्णा म्हणाले, "मला नाव नको, सुट्टी नको. मला माझ्या गादीवर झोपायचंय. एवढंच."

घोरपडबाईंनी जीभ बाहेर काढून आत घेतली. विचार करताना त्यांची तशी सवय होती. "त्या गादीवर आम्हांला एक पुतळा हवाच आहे," त्या म्हणाल्या. "निजलेल्या अवस्थेतला. काम सोपं आहे. पाहुणे असेपर्यंत हलायचं नाही आणि बोलायचं नाही."

अण्णांनी हो म्हटलं. तुम्ही म्हणाल, एवढा स्वाभिमानी लेखक आणि हो कसा म्हणाला? तुम्हांला अजून पाठदुखी माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा आपल्याच घरात, आपल्याच गादीवर, आपलाच पुतळा होऊन निजले. सुरुवातीला मजा वाटली. लोक यायचे, हळहळायचे. मुंगूस आला आणि "काय तेज आहे चेहऱ्यावर!" म्हणून डोळे पुसत गेला. अण्णांनी जिवंतपणी हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला काय नसतं दिलं!

पण अण्णा पडले अण्णा. एक दिवस साळुंकी पाहुण्यांना म्हणाली, "अण्णांनी आयुष्यभर भाषेचा सेवा केला."

"भाषेची सेवा केली!" पुतळा म्हणाला.

हरणं किंचाळत बाहेर पळाली. समितीने चौकशी केली. अण्णांनी माफी मागितली. पुढच्याच आठवड्यात पुतळ्याने गादीजवळच्या पाटीवरच्या ऱ्हस्व-दीर्घावर आठ्या घातल्या. मग तो एकदा घोरला. मग एका शिक्षिकेने तक्रार केली की पुतळा आपल्या भाषणाला मान हलवून नाही म्हणाला. आणि शेवटी वनराज स्वतः आले, पुतळ्याभोवती फिरले आणि म्हणाले, "काम चांगलं आहे. पण खरे अण्णा वाटत नाहीत."

झालं. समितीची बैठक बसली. नवा पुतळा करायला कुंभारमाशीला सांगितलं. मातीकामात तिचा हात धरणारं जंगलात कुणी नाही. पुतळा तयार झाला. गवा आत आला, त्याने अण्णांना अलगद उचललं आणि बिळाच्या बाहेर आणून ठेवलं.

"वाईट वाटून घेऊ नका," गवा म्हणाला. "पहिल्या पुतळ्याचं असंच होतं."

अण्णा मात्र तिथून हलले नाहीत. त्यांना बघायचं होतं. अनावरणाच्या दिवशी ते पंजे पुसून रांगेत उभे राहिले आणि गर्दीबरोबर आत गेले.

गादीवर मातीचे अण्णा निजले होते. चेहरा शांत. कपाळावर एक आठी नाही. काटे सगळे एका दिशेने विंचरलेले. वाऱ्याला तोंड देत, चुकीच्या माहितीला तोंड देत, ते मंद हसत होते. अण्णांनी खूप वेळ बघितलं. त्यांना आधी राग आला. मग हेवा वाटला. मग, खोटं कशाला सांगू, त्यांना तो पुतळा मनापासून आवडला. असा गोड म्हातारा शेजारी असता तर आपणही त्याच्याकडे गप्पा मारायला गेलो असतो, असं त्यांना वाटलं.

अण्णांनी दोन्ही पंजे जोडून पुतळ्याला नमस्कार केला.

शेजारी एक म्हातारं भेकर उभं होतं. त्याने हळूच विचारलं, "तुम्ही ओळखत होता का हो अण्णांना?"

"नाही," अण्णा म्हणाले. "त्यांची-माझी भेट राहूनच गेली."

तात्पर्य : लेखकाचा मान तो जिवंत असतानाच ठेवावा, असं तुमचे गुरुजी सांगतील. ऐकू नका. जिवंत लेखकाचा मान ठेवायला गेलात, तर तो आधी तुमचं व्याकरण सुधारतो आणि मग आपलं पुस्तक वाचून दाखवतो. थोडं थांबा. तो आटोपला की सहकुटुंब जा, डोकं टेका, हवी ती माहिती ऐका, कुणी हरकत घेणार नाही. आणि तुमच्यापैकी कुणाला पुढे लेखक व्हायचंच असेल, तर त्याने भाड्याच्या बिळात राहावं. स्मारक करायचं नुसतं नाव काढलं, की घरमालक स्वतःच कोर्टात जातो.