पाच पॉइंट एकमधलं बारसं

मधुसूदन पाठक आजोबा होऊन दीड-दोन महिने झाले होते, पण नातीचं नाव काय ठेवलं हे त्यांना अजून माहीत नव्हतं. बारसं झालं अमेरिकेत. मुलगा मिहिर फोनवर म्हणाला होता, "नाव असं फोनवर सांगायचं नसतं बाबा. डीव्हीडी पाठवतोय. मस्त होम थिएटरवर लावा आणि प्रत्यक्ष बारशाला आल्यासारखं ऐका."

होम थिएटरही मिहिरनेच दिवाळीत घेऊन दिलं होतं, पाच स्पीकर आणि एक मोठं खोकं असलेलं, 'पाच पॉइंट एक'. त्याची जोडणी मधुसूदनरावांनी स्वतः केली. जन्मभर विमा कंपनीत पॉलिसीच्या मागची बारीक अक्षरं वाचलेला माणूस, त्याला माहितीपुस्तिकेची कसली भीती! हॉलच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर लागले. लाकडी खोक्याएवढा जो मोठा होता, तो सगळ्यांत वजनदार म्हणून मधोमध बसवला. एक लांबुडका स्पीकर उरला. तो टीव्हीमागच्या भिंतीपलीकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. "म्हणजे तुला पोळ्या लाटताना गाणी ऐकता येतील," असं ते बायकोला म्हणाले. लग्नानंतर इतकी काळजी त्यांनी क्वचितच दाखवली होती. मग गाण्यांची सीडी लावली, तर खिडकीतला स्पीकर मुकाच. "पाचातला एक नग खराब निघाला," असा निर्णय झाला, आणि मीनाक्षीबाईंनी त्याच्यावर लसणाची टोपली ठेवली.

डीव्हीडी शुक्रवारी आली. मीनाक्षीबाईंनी देवापुढे दिवा लावला, मधुसूदनरावांनी प्लेअरचा ट्रे उघडला, डिस्क आत गेली, आणि पडद्यावर दोनच शब्द आले: रिजन एरर.

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे... प्रदेश चुकला."

"कुणाचा? आपला की त्यांचा?"

मधुसूदनरावांनी पुस्तिकेत डोकं घातलं. जगाचे सहा भाग पाडले होते आणि एका भागाची डिस्क दुसऱ्या भागात चालत नव्हती. "नातीला बघायला आता व्हिसा लागणार का प्लेअरला?" मीनाक्षीबाईंनी विचारलं. त्यांनी पुढचं पान उलटलं.

शनिवारी सकाळी मिहिरचा फोन आला. "बाबा, बघितली?"

इथे सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण ज्या मुलाने एवढं महागाचं यंत्र घेऊन दिलं, त्याला, ते आपल्याला लावता आलं नाही, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मधुसूदनराव म्हणाले, "बघितली तर! दोनदा बघितली."

"आणि नाव? आवडलं? मला जरा धाकधूकच होती."

"आवडलं म्हणजे काय! अगदी मॉडर्न नाव शोधलंत!"

पलीकडून मिहिरने विचारलं, "मॉडर्न?"

"म्हणजे... सगळ्याच अर्थाने," मधुसूदनरावांनी सावरून घेतलं.

"बरं. मग उद्या संध्याकाळी सातला तिला फोनवर आणतो. तुम्ही तिला नावाने हाक मारायची. आजोबांचा आवाज तिने नावासकट ऐकायला हवा ना!"

फोन ठेवून मधुसूदनराव वळले, तर बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"आता?"

"आता काय, उद्या सातपर्यंत नाव काढायचं."

"अहो, सईला विचारा की. तीच आत्या, तिनेच ठेवलंय."

"सई? ती मिहिरच्या शेजारच्या गावात राहते. मी फोन ठेवायच्या आत त्याला कळलेलं असेल."

यंत्र ज्यांच्या दुकानातून घेतलं होतं, त्या पैठण गेटच्या हमीदभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "हौ साब, बाहर की डिस्क का ऐसाच रहता. लॉक रहता उसको. घबरानेका नक्को." त्यांनी रिमोटची काही बटणं ओळीने दाबायला सांगितली. मीनाक्षीबाईंनी रिमोटला धूळ लागू नये म्हणून प्लास्टिक चढवून वर रबर बांधलं होतं, त्यामुळे दर वेळी भलतंच बटण दाबलं जाई. शेवटी मधुसूदनरावांनी दातांनी प्लास्टिक फाडलं. कुलूप उघडलं. चित्र आलं, तेही काळंपांढरं.

"अगंबाई, पोरगी किती सावळी दिसतेय," मीनाक्षीबाई पुढे झुकून म्हणाल्या.

"सावळी नाही गं, एनटीएससी आहे! आपला टीव्ही पाल आहे. तिकडची रंगाची पद्धत वेगळी."

"मग आता पोरीला रंग कुठून आणायचा?"

पुन्हा हमीदभाई. पुन्हा "हौ साब". टीव्हीच्या मेन्यूत खोल कुठेतरी 'ऑटो' होतं, ते सापडेपर्यंत मधुसूदनरावांनी टीव्हीची भाषा चुकून रशियन करून ठेवली. ती परत आणताना दुपार गेली. संध्याकाळी मात्र रंग आले. पाळणा दिसला, सजवलेला. सून हिमानी नारायणपेठ नेसून बसलेली. सई पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, मग मान वर करून सगळ्यांना नाव सांगितलं. तिकडे सगळे हसले, टाळ्या वाजल्या.

आणि पाठकांच्या हॉलमध्ये फक्त सनई ऐकू आली. सनई चारी कोपऱ्यांतून येत होती, टाळ्या पाठीमागून येत होत्या, मधलं खोकं धम धम करत होतं. माणसं तोंडं हलवत होती आणि बोलत मात्र कुणीच नव्हतं.

"तो नग खराब म्हणत होतात, आता पाचही गेले वाटतं," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

"गेले कसे? सनई येतेय ना! शब्द तेवढे येत नाहीयेत."

ते पुन्हा पुस्तिकेकडे वळले. तिथे 'अडचणी आणि उपाय' या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: संवाद ऐकू येत नसल्यास सेंटर स्पीकर तपासा. मधुसूदनरावांनी सेंटरकडे, म्हणजे हॉलच्या सेंटरला ठेवलेल्या खोक्याकडे पाहिलं. त्याच्याजवळ बसून कान लावला. सनईबरोबरचा डग्गा थेट त्यांच्या मेंदूत शिरला. "हा तर ठणठणीत आहे," असं म्हणून त्यांनी डिस्क बंद केली.

रविवारी सकाळपासून त्यांनी सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. स्टिरिओ, ऑप्टिकल, कोअॅक्सिअल हे शब्द ते आता मंत्रासारखे पुटपुटत होते. मीनाक्षीबाईंनी प्रत्येकाचा अर्थ विचारला, आणि प्रत्येक वेळी त्यांनी "तुला नाही कळायचं" असं सांगितलं, कारण त्यांनाही कळलं नव्हतं. दुपारी त्यांनी नवी युक्ती काढली. डिस्क संथ गतीने चालवायची आणि सईचे ओठ वाचायचे.

"बघ, बघ, ओठ मिटले! म्हणजे प, ब किंवा म."

"म असेल. मृण्मयी?"

"नंतर तोंड उघडलं बघ मोठं. मायरा!"

"हे काय नाव झालं?"

"हल्ली तसलीच ठेवतात. दोन अक्षरांची. अर्थ विचारायचा नाही."

"अहो, दोनपेक्षा जास्त वेळा हलले ओठ. माधुरी असेल."

"तिला शिंक आली असेल मध्ये!" मधुसूदनराव ओरडले. "किती वेळा सांगितलं, नाव मॉडर्न आहे!"

"ते तुम्ही त्याला सांगितलं. त्याने तुम्हाला नाही."

हे खरं होतं, आणि म्हणूनच त्यांना फार लागलं.

पाच वाजले. ही वेळ गल्लीची होती. पाठकांचं घर शहराच्या टोकाला, सातारा परिसरात; तिथे शहर वाढत वाढत डोंगरापर्यंत आलं होतं, पाण्याची लाइन मात्र मागेच कुठेतरी थांबली होती. त्यात दोन वर्षं पाऊस नाही. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाच ठाऊक. एकट्या पाठकांच्या बोअरला थोडं पाणी टिकून होतं, म्हणून संध्याकाळी गल्लीतल्या बायका हंडे-कळश्या घेऊन मागच्या नळावर येत. नळ होता स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. रोज तिथे बोलण्याचा धबधबा चाले. मधुसूदनरावांनी उठून स्वयंपाकघराचं दार आपटून लावलं. "इथे एक अक्षर ऐकू येत नाही आणि तिकडे कलकलाट!"

मग त्यांनी डिस्क पुन्हा पहिल्यापासून लावली. आवाज अगदी वर नेला. सनईने भिंती हादरल्या. पुन्हा लावली. पुन्हा पाळणा, पुन्हा सई, पुन्हा मुके ओठ. मीनाक्षीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपल्या नातीचं नाव आपल्याला माहीत नाही हो. कसले आजी-आजोबा आपण! सांगून टाका त्याला खरं."

सात वाजायला थोडाच वेळ होता. डिस्क तशीच चालू ठेवून मधुसूदनराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. दार उघडलं आणि त्यांना जाणवलं, की मागे अजिबात कलकलाट नव्हता.

खिडकीबाहेर सगळ्या बायका खिळून उभ्या होत्या. नळ चालू होता. शेजारच्या सुलेखाचा हंडा भरून वाहत होता, आणि ज्या गल्लीत भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालत, तिथे ते चांगलं पाणी गटारीकडे चाललं होतं. कुणाचं लक्ष नव्हतं.

"अहो, पाणी! सुलेखाताई, हंडा वाहतोय!"

"शूऽऽ! काका, बोलू नका!" सुलेखाने बोट ओठांवर ठेवलं. ती घाटीच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती, तिचं 'शू' ऐकून अख्खा वॉर्ड गप्प होई. "आता नाव यायलंय!"

लसणाच्या टोपलीखालून सईचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, जणू ती ओट्याशीच उभी होती: "तर मंडळी, मी आत्या म्हणून जाहीर करते, बाळाचं नाव मनकर्णा!"

बाहेर बायकांनी टाळ्या वाजवल्या. मधुसूदनराव टोपलीकडे बघत राहिले; सेंटर स्पीकर म्हणजे हा लांबुडका, गाण्यांच्या सीडीला मुका, पण डीव्हीडीतलं बोलणं सगळं याच्यातूनच.

"कालच्याला तुम्ही मधीच बंद केलं," गल्लीतल्या लीलाबाई तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "आज चार डाव ऐकलं बगा. लई झ्याक लावलं तुमी. आमच्यासाठीच ठिवला ना खिडकीत?"

"व्हय, नायतर कोण ठिवतंय स्वयंपाकघरात," सुलेखा म्हणाली. "नाव पण लई भारी. जुनं, भरलेलं. हल्लीच्या नावांचा काय अर्थच लागत नाय."

मागून मीनाक्षीबाई आल्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मनकर्णा म्हणजे मधुसूदनरावांची आई. मिहिरला दहा वर्षं तिनेच मांडीवर वाढवलं होतं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मधुसूदनरावांनी तो तिथेच उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, ती जागी आहे, ऐकतेय. मारा हाक."

मधुसूदनरावांनी श्वास घेतला. आता नाव माहीत होतं. पण ते तोंडातून निघेना. आईचं नाव घेऊन त्यांनी तिला जन्मात कधी हाक मारली नव्हती. शाळेत मास्तरांनी विचारलं होतं तेव्हासुद्धा ते आधी लाजले होते. आता तेच नाव घेऊन, तेही एकेरीत, "इकडे ये" म्हणायचं? त्यांनी घाईने फोन बायकोपुढे धरला.

मीनाक्षीबाई दोन पावलं मागे सरकल्या. "सासूबाईंचं? मी? त्या गेल्यावरसुद्धा कधी घेतलं नाही मी!"

"बाबा? हॅलो? तुमचा आवाज येत नाहीये."

"वायरी तपास," मधुसूदनराव कसंबसं म्हणाले.

खिडकीतून सुलेखाला हे बघवेना. "काका, काय झालं? इतकं सोपं तर हाय!" आणि ती गजांतून ओरडली, "मनकर्णाऽऽ!" पाठोपाठ सगळी गल्ली ओरडली, "ए मनकर्णेऽऽ! इकडं बग बाई!"

पलीकडून हुंकार आल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मिहिर हसत होता. "बाबा, किती माणसं जमवलीत! पण तुम्ही कुठे आहात? तुम्ही मारा ना हाक."

मधुसूदनरावांनी फोन तोंडाजवळ नेला. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्याचा त्यांना रागही येत होता.

"आई," ते म्हणाले, "जेवलीस का गं?"

"बाबा, ती अजून दूधच पिते."

"तू मध्ये बोलू नकोस," मधुसूदनराव म्हणाले. "मी तिला विचारतोय."