हालचाल समाधानकारक

माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अखेर त्या माणसावरच असते. पूर्वी नाडी, श्वास अशा ढोबळ साधनांवर भागत असे. आता विज्ञान पुढे गेलं आहे, म्हणून इंदूरच्या स्नेहलतागंजात एकट्या राहणाऱ्या कृष्णरावांच्या भिंतीवर एक यंत्र बसलं. ते खोलीतली हालचाल मोजतं आणि विजय नगरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीला, क्षितिजाला, फोनवर कळवतं. (चित्र पाठवत नाही, वडिलांच्या खासगीपणाचा पूर्ण आदर केला जातो.)

अडचण एवढीच, की कृष्णराव वाचत. वाचणारा माणूस फक्त पान उलटतो आणि तेवढ्याला यंत्र हालचाल मानत नाही. जाड कादंबरी हाती आली की ते दिवसभर अधिकृतरीत्या निष्क्रिय असत.

"बाबा, ॲप म्हणतंय तुम्ही इनॲक्टिव्ह आहात!"

"अगं, वाचतोय."

"मग जरा हिलत-डुलत वाचा ना! इकडे मीटिंगमध्ये माझा जीव जातो. पुन्हा असं झालं ना, तर बस, सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. पुस्तकं तिथेच. फ्लॅटमध्ये जागा कुठाय?"

कृष्णराव हादरले. त्यांनी येरझारा घालत वाचून पाहिलं. ओळी निसटल्या, गुडघे कुरकुरू लागले. यंत्र चुकत असेल असं काही त्यांच्या मनात येईना. आपणच थोडे बंद पडलो असू, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटू लागलं.

अशात महूहून त्यांचे मित्र बुद्धरत्न आले. फौजेतून निवृत्त. त्यांनी सगळं ऐकलं, यंत्राला आदराने न्याहाळलं आणि म्हणाले, "कृष्णरावजी, आम्ही चौकीवर पुतळे उभे करायचो. दुश्मन पुतळ्यावर नजर ठेवून खुश, आम्ही इकडे चाय पिऊन खुश. एक सदरा काढा."

सदरा दोरीवर टांगला, टेबलफॅन लावला. त्या आठवड्यात कृष्णरावांच्या हालचालीत चारशे टक्के वाढ झाली. सदरा पहाटे उठे, दुपारी लवंडत नसे आणि (वीज असेपर्यंत) थकतही नसे. क्षितिजाने अहवाल घरच्या ग्रुपवर टाकला. देवासच्या मामांनी अंगठा दिला. सामान बांधायची गोष्ट मागे पडली.

मग कृष्णरावांना ताप भरला. उठवेना. मुलीला फोन करावा म्हणून हात लांब केला, तोच तिचा संदेश आला: "बाबा, कमाल! ॲपने तुमच्या वयोगटात तुम्हाला इंदुरात पहिला नंबर दिलाय. प्राउड ऑफ यू!"

कृष्णरावांनी कण्हत विचार केला. ताप सांगायचा तर सदरा सांगावा लागणार, आणि सदरा सांगितला की विजय नगर. शिवाय इतकं हुशार यंत्र ठणठणीत म्हणतंय, तर आपल्याला वाटतंय तितका ताप नसेलही. त्यांनी "धन्यवाद" लिहून पाठवलं आणि पांघरूण ओढून घेतलं.

ताप यथावकाश आपसूक उतरला. त्याची नोंद कुठेही नाही.

आपणही हे वाचताना बराच वेळ हलला नाहीत. मुलांचा फोन आला का? नसेल आला, तर आपली प्रकृती उत्तम आहे असं समजावं.