वरचं वाढलंय, खालचं ठीक

आमच्या ह्यांची एक खोड आहे. निरोप कधी पुरता आणायचा नाही. मागे भोसरीच्या भाच्याचं लग्न सांगत आले, "लग्न हाय बरं का!" कधी, कुठं, काही नाही. आम्ही नटूनथटून पोचलो तेव्हा मांडव सोडत होते. चाकणच्या कंपनीत एवढी वर्षं नोकरी कशी केली, ते त्यांच्या सायबालाच ठाऊक.

कुरुळीत आमचं घर दोन मजली. खाली आम्ही दोघं, वर मुलगा विक्की आणि सून आम्रपाली. दोघं शिफ्टला जातात, जेवायच्या वेळा जमत नाहीत, म्हणून गॅस दोन. भांडण म्हणून नाही. हे मात्र दुपारी माझ्याकडं जेवायचे आणि संध्याकाळी जिना चढायचे. खाली येताना ढेकर देऊन सांगायचे, "पोरीनं मटकी काय केली व्हती, वा!" आता ही गोष्ट बायकोला सांगायची असते का?

एक दिवस ह्यांचं डोकं जड झालं, चक्कर आली. ह्यांचे थोरले भाऊ सोपानराव बीपीनंच एका बाजूनं लुळे पडले ते उठलेच नाहीत. माझं कैरीचं लोणचं अर्ध्यावर होतं, म्हणून ह्यांना एकट्यांनाच डॉक्टरीणबाईंकडं पिटाळलं. तेवढंच चुकलं.

"काय म्हनली डॉक्टरीण?"

"बीपी हाय. गोळी दिली. वरचं वाढलंय म्हनली, खालचं ठीक हाय."

"काय? परत सांगा."

"वरचं वाढलंय, खालचं ठीक. वरचं मीठ बंद करा म्हनली."

मी खाटेवर टेकले. शिकलेल्या बाईची गोष्टच वेगळी. नुसता दंडाला पट्टा बांधला आणि कुठल्या मजल्यावर काय शिजतं ते ओळखलं! मग मी अंगणात येऊन, वर ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "आता डॉक्टरच बोलली बाई. आमी बोललो की वाईट दिसतं."

आम्रपाली गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "आत्या, डॉक्टर मॅडमना माझ्या स्वयंपाकाचं काय माहीत?"

"मला काय इचारती? तुझ्या सासऱ्याच्या अंगात उतरलाय तो."

तिनं बादली आपटली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ह्यांचा जिना बंद. दोन्ही वेळा माझ्याकडं. आजारी माणसाच्या तोंडाला चव हवी, म्हणून मीही कसर ठेवली नाही. उडदाचा पापड, खारातली मिरची, सुकटाची चटणी, नवं लोणचं. खालचं ठीक आहे म्हटल्यावर भ्यायचं कशाला? वरून सकाळचा चहा यायचा, तो बंद झाला. नातवंड असतं तर तेही बंद झालं असतं.

पुन्हा तपासायचा दिवस आला तशी आम्रपाली पर्स घेऊन खाली उतरली. "मी पण येते. मला मॅडमच्या तोंडून ऐकायचंय."

"चल की. माझं काय जातंय?"

डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला, फुगवला. एकदा पाहिलं, थोडं थांबून परत पाहिलं. "खंडूबाबा, वरचं आणखी वाढलंय. आणि आता खालचंही वाढलंय."

मी खुर्चीतून उठलेच. "खालचं कसं वाढंल? खाली तर मी हाय!"

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. आम्रपालीनं पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. मग बाईंनी समजावलं, की बीपीचे आकडे दोन असतात. काळीज रक्त ढकलतं तेव्हा वरचा, सैल पडतं तेव्हा खालचा. मजल्यांचा काही संबंध नाही.

"आन् वरचं मीठ?" मी विचारलं.

"ताटात वरून घेतात ते, आजी. आणि पापड, लोणचं, खारवलेलं सगळं. बाबा, काय काय खाता?"

ह्या माणसाला जन्मात पहिल्यांदा निरोप पुरता आठवला. पापडापासून सुरू केलं ते सुकटापर्यंत गेले, मध्ये एक मिरची गाळली नाही.

"आणि गोळी?"

"रोज घेतो. कडू लागती म्हनून लोणच्याच्या फोडीसंगं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. गोळी पाण्यासोबत, चुकवायची नाही, बरं वाटलं म्हणून मनानं सोडायची नाही. रोज चालायचं आणि जेवण आळणी. "घरात कमी मिठाचं कोण करतं?"

आम्रपाली हळूच म्हणाली, "मी आधीपासूनच कमी घालते. आत्या आळणी म्हणतात."

"आजी, तुमचंही बीपी बघू का?"

"नगं. माझं वरचं-खालचं मी बघते."

घरी आल्यावर हे सवयीनं माझ्या दाराकडं वळले. मी चौकटीला हात लावून उभी राहिले.

"हितं कुठं? आता डॉक्टरणीचा निरोप पुरता ऐका. वरचं मीठ बंद, वरचं जेवण चालू. चढा जिना. आन् आम्रपाली, माझंबी ताट वाढ गं. हे तिथं मीठ मागत्यात का, ते बघायला कुणीतरी नगं व्हय?"