चोपदार बदलिला तरी दार हलेना, त्याची हकीकत

श्री. दाही दिशांचे वाऱ्यास वंदन करून, घडले तितकेच आणि घडले त्याच क्रमाने लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाख वद्य चतुर्थी, शुक्रवार, दोन प्रहर.

एक राज्य होते. त्यास नाव नाही; लोक त्यास ट्रक म्हणत. केबिन ही राजधानी आणि गादीवर धोंडिराम जगदाळे, स्वतःच मालक, स्वतःच चालक. पदरी दोन सरदार, एक गारवा आणि एक उष्मा. दोघांचे मध्ये, डॅशबोर्डाचे आत, एक झडप हेच दार, आणि दारावर चोपदार म्हणून मुठीएवढी मोटर. हुकूम होईल तसे चोपदाराने दार फिरवावे आणि ज्याची पाळी त्यास आत सोडावे, ऐसा रिवाज. ते दिवशी राजधानीत पाहुणे होते. एका खोक्यात रेशीमकिड्यांची चाळीस हजार अंडी, आणि रखवालीस रेशीम केंद्राच्या वैजयंता पाटोळे, तापमापक घेऊन बसल्या. पंचवीस अंशांत अंडी सुखरूप. तिसाचे वर गेली की आतला जीव राहत नाही. सकाळच्या हवेने निभले; मुक्काम दोन तासांवर राहिला, ऊन चढले, तेव्हा गारव्याचा पहिला हुकूम केला, तो जाळीतून उष्मा सुटला. तापमापक सव्वीस, मग सत्तावीस. बाहेर एकेचाळीस, सबब काच उघडण्याची सोय नाही. बाईंनी खोक्यावर ओले फडके घातले आणि धोंडिरामांनी राज्य सडकेकाठी नूरभाई मुल्ला मिस्त्री यांचे दारी उभे केले.

नूरभाई पाहताच बोलिले, "गॅस संपला, अण्णा. भरून देतो." धोंडिराम बोलिले, "तुमच्याकडं सर्दी झाली तरी गॅसच भरतील!" बाईंनी तोवर पुढचे झाकण उघडवून नळीस हात लाविला होता. "गॅस संपला, तर नळीला घाम कसा सुटलाय? गारवा तयार आहे, नूरभाई. त्याला आत कुणी सोडत नाही." मग नूरभाईंनी डॅशबोर्डास कान लाविला. आत टक, टक, टक. "मोटर गेली!" म्हणोन ते आडवे जाहले आणि तीन स्क्रू सोडून जुना चोपदार बाहेर आणिला. त्याचे पांढऱ्या चक्राचे दोन दात पडले होते. नूरभाई बहुत संतोषले आणि दुकानातील नवी मोटर बसविली आणि कळ फिरविली. टक, टक, टक. तापमापक अठ्ठावीस.

"बंद करा!" बाई ओरडल्या. "याचेही दात पडतील. नवाही तेच करतोय, म्हणजे खोट मोटरीत नाही, दार अडलंय." मग मोटर पुन्हा काढिली आणि झडपेचा दांडा बोटांनी फिरविला, तो निम्म्यात थटला. बाजूचे झाकण काढिले. नूरभाईंचा पंजा शिरेना, बाईंचा हात शिरला. तापमापक साडेएकोणतीस. धोंडिराम खोक्यावर पुठ्ठ्याने वारा घालीत होते. बाईंनी मूठ बाहेर काढून उघडिली, तो आत सुपारी. तीवर वाळले कुंकू.

"अहो, हा तर माझा गणपती!" धोंडिराम खालीच बसले. दसऱ्यास राज्याची पूजा केली, सुपारी काचेपाशी मांडिली, आणि तिथल्या मोडक्या जाळीतून ती खाली गेली. थंडीचे दिवसांत दार उष्म्याकडेच असे, म्हणोन कोणास पत्ता नाही. उन्हाळ्यात एकटे असता ते काच उघडूनच हाकीत; आज पाहुण्यांसाठी दार परत फिरविताना सुपारी सांध्यात आडवी आली. "सात महिने शोधतोय. बायको म्हणाली, देव रुसला." नूरभाई बोलिले, "रुसला नव्हता, अण्णा. तुम्ही हीटरवर बसवला होता!" धोंडिराम हसले आणि मग डोळे पुसले.

मग नवा चोपदार बसविला आणि कळ फिरविली. दार सरकल्याचा हलका घर्र आवाज जाहला, टक एकही नाही, आणि जाळीतून गारवा ऐसा आला की खोक्यावरचे फडके उडाले. तिघे तापमापकाकडे पाहत. अठ्ठावीस. सव्वीस. चोवीस. बाईंनी पाणी मागितले. नूरभाईंनी स्क्रूंची रिकामी डबी पुसून धोंडिरामांस दिली, आणि तीत बसून गणपती, झाकण लावून, पुढे चालिले.

सारांश: एक चोपदार बडतर्फ, एक नेमणूक, एक देव स्वस्थानी. नवा नेमण्याआधी दार हाताने फिरवून पाहावे, हे नूरभाईंनी दुकानाचे भिंतीवर खडूने लिहिले. पाहुणे मुक्कामी पोचले आणि सोमवारी सकाळी, नेमल्या वेळी, अंड्यांतून अळ्या बाहेर आल्या. बाईंनी धोंडिरामांस फोनवर इतकेच कळविले: "हलताहेत."