सोनूच्या विश्वासाची तोंडी चाचणी

घाटंजीच्या रवीला मुलगी झाली, इथवर दोन्ही ख्रिस्ती मंडळ्यांत एकमत होते. मतभेद पाण्यावरून सुरू झाले. रवीच्या मंडळीत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. त्याचे सासरे पुंडलिकराव यांच्या बोरी अरबच्या मंडळीत माणूस मोठा होऊन, स्वतः विश्वास कबूल करून, शेतातल्या हौदात डोक्यासकट बुडतो. त्याआधीचे पाणी त्यांच्या मते निव्वळ आंघोळ. निकाल लागेपर्यंत रवीची बायको साधना बाळाला, म्हणजे सोनूला, घेऊन माहेरी थांबली. रवी खिचडीवर आला.

खिचडीला कंटाळून त्याने दोन्ही पाळकांच्या हातापाया पडून संयुक्त समिती नेमवून घेतली. वाद बाळाच्या विश्वासाचा आहे, सबब बाळाचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे समितीने तत्त्वतः मान्य केले. सोनूला अजून बोलता येत नव्हते. ही अडचण तांत्रिक ठरवण्यात आली.

चाचणी पुंडलिकरावांच्या ओसरीवर झाली. घाटंजीच्या पाळकसाहेबांनी सोनूला मांडीवर घेऊन विचारले, तुझा विश्वास आहे काय? सोनूने त्यांचा चष्मा ओढून चोखायला घेतला. शिंपडणाऱ्यांनी हा होकार धरला. बुडवणाऱ्यांनी पुरवणी प्रश्न मागितला, तेव्हा उमेदवाराने पाळकसाहेबांची मांडी ओली केली. हे शिंपडण्यात धरायचे की बुडवण्यात, यावर चहा येईपर्यंत चर्चा झाली.

रवी साधनाकडे पाहत होता. साधना बापाकडे.

"बाबा, तुमी कवा बुडाले?"

"मॅट्रिकच्या सुट्टीत. राजीखुशीनं."

"काहून पन?"

"समद्या पोरायले बुडवून राह्यले होते, माय. मी एकटाच कोरडा राह्यलो असतो तं तुह्या मायसंग सोयरीक झाली असती काय?"

मग नियम सर्वांना सारखा म्हणून प्रत्येकाला हेच विचारण्यात आले. शिंपडलेल्यांना काही आठवत नव्हते. बुडालेल्यांना आठवत होते: बापाचे डोळे, नवा शर्ट, नंतरचे जेवण. आपण ठरवले तो क्षण मात्र एकालाही सापडेना. तेव्हा दोन्ही मंडळ्यांतले सर्व बाप्तिस्मे फेरतपासणीपर्यंत तहकूब झाले.

साधनाने सोनूला कडेवर घेतले. "चाला घरी," ती रवीला म्हणाली. "पोरगी बोलाले लागली का तिलेच इचारू." हरकत घेण्याइतका बाप्तिस्मा ओसरीवर कोणापाशी उरला नव्हता.

समिती मात्र बरखास्त झालेली नाही. तिला एक साक्षीदार हवा आहे. कोणत्याही धर्माचा चालेल. फक्त त्याने तो धर्म मोठेपणी, कोणाच्या धाकाशिवाय आणि जेवणाशिवाय, स्वतः विचार करून घेतलेला असावा. आपण तसे असाल तर कळवावे. घरी विचारून कळवले तरी चालेल.