कारखान्याचा साचा जसाच्या तसा आणिला, त्या मोहिमेची हकिकत

साहेबांचे सेवेशी, तिसऱ्या मजल्यावरील दप्तरी लेखकाचा अर्ज ऐसा जे: गेल्या पंधरवड्यांत संगणकखान्यांत जी मोहीम जाहली, ती लोक चहाच्या यंत्रापाशी उभ्या उभ्या भलतीच सांगतात, सबब खरी हकिकत तपशीलवार लिहून ठेविली आहे. तिखटमीठ लावण्याची लेखकास सवय नाही. चुकून थोडे पडले असल्यास माफी असावी.

पेढी चष्म्यांची, दुकाने एकेचाळीस. दुकानांत डोळे तपासावे आणि नंबर संगणकांत लिहावा, मग तो निरोपाच्या रूपाने भिंगांच्या कारखान्यास जावा आणि कारखान्याने भिंगे घासून धाडावी, ऐसा शिरस्ता. परंतु दुकानचा संगणक एक बोली बोले आणि कारखान्याचा दुसरी, म्हणून मध्ये दुभाषी यंत्रणा बसविलेली. निरोपांत कोणत्या रकान्यांत काय यावे हे ज्या नमुन्याने ठरते, त्यास नवी मंडळी स्कीमा म्हणत आणि जुनी मंडळी साचा म्हणत. या यंत्रणेचे सरदार, एकवीस वर्षे चाकरींत मुरलेले, राजमान्य राजेश्री अण्णासाहेब.

अण्णासाहेबांचा एक बाणा होता. परक्याचा साचा आला की सारे जग त्याची फाईल जशीच्या तशी आयात करून मोकळे होई; अण्णासाहेब ती कागदावर छापवीत आणि लाल पेन घेऊन नको ते रकाने छाटीत, मग उरलेला साचा स्वहस्ते नव्याने टंकीत. कोणी हटकिले तर म्हणत, “भाजी निवडल्याशिवाय कोणी फोडणीला टाकतं का?” कारखान्याच्या साच्यांत रकाने एकशे बारा होते, आठ वर्षांपूर्वी अण्णासाहेबांनी कत्तल करून चाळीस राखिले, आणि यंत्रणा कैसी हलकीफुलकी केली हे पाहुण्यांस बोलावून दाखवीत.

आता घरची आघाडी. अण्णासाहेबांच्या कुटुंबास, ज्यांस अवघी कचेरी काकूसाहेब म्हणते, पांच महिन्यांपूर्वी एकाचे दोन दिसू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर दिला, आणि दोन प्रतिमा एक व्हाव्या म्हणून भिंगास किंचित तिरका उतार, म्हणजे प्रिझम, लिहून दिले. चष्मा अर्थातच पेढीचा. तो आला, आणि दोन दिसत होते ते दोनच राहिले. परत धाडिला, दुसरा आला, तोच प्रकार; मग तिसरा आला, तोही तैसाच. अण्णासाहेबांनी दर खेपेस “नवा आहे, सवय होईल” ऐसा निवाडा दिला. काकूसाहेबांनी एकदा जेवतां जेवतां कळविले, “अहो, समोर दोन तुम्ही बसलात. मला एकच आवरत नव्हता.”

थट्टा येथवर होती. मग एके सकाळी काकूसाहेब जिना उतरतां, जी पायरी नव्हतीच तीवर पाय देत्या जाहल्या आणि पडल्या. हाड शाबूत राहिले, परंतु हिंमत मोडली. एकट्या जिना उतरीनात, शिवणयंत्रावर चादर घातली ती काढीनात. अण्णासाहेबांस हे फार लागले. ते कचेरींत आले आणि घडले ते सांगते जाहले.

तेव्हां ताई म्हणून नवी सरदारीण, वर्षभरापूर्वी दाखल जाहलेली, हुशार आणि बेडर, तिने आपण होऊन काकूसाहेबांच्या तिसऱ्या चष्म्याचा निरोप धुंडाळिला. दुकानाने धाडिला त्यांत प्रिझम होते. कारखान्यास पोंचला त्यांत नव्हते. गजर कोठेच वाजला नव्हता, कारण की प्रिझम सर्वांस लागत नाही, आणि तो रकाना न आला तरी कारखाना मुकाट्याने बिनउताराचे भिंग घाशी.

“अण्णा, दुकानानं लिहिलंय, कारखान्याला मिळालेलं नाही,” ताई म्हणाली, “आणि मधे फक्त आपण आहोत.”

अण्णासाहेबांनी कपाटांतून आठ वर्षांपूर्वीचा छापील कागद काढिला. प्रिझमच्या रकान्यावर लाल रेघ होती, आणि समासांत त्यांच्याच वळणदार अक्षरांत लिहिले होते: “हे कोणाला लागतं?” अण्णासाहेब खुर्चीवर बसले. चूक दुसऱ्याची असती तर त्यांनी कचेरी डोक्यावर घेतली असती.

मग उठोन साहेबांकडे स्वतः गेले आणि अपराध स्वमुखे कबूल केला, आणि कारखान्याचा साचा जैसा आहे तैसा आणण्याची परवानगी घेतली. पहिला हल्ला फसला. मुख्य फाईल आणिली, परंतु ती मापांसाठी दुसऱ्या फाईलीवर विसंबून, आणि ती दुसरी कारखान्यांतच राहिलेली. यंत्रणेने “भिंगमाप म्हणजे काय, ठाऊक नाही” म्हणोन दरवाजा लाविला. मग दुसरी फाईल मागविली, दोन्ही शेजारी शेजारी ठेविल्या, आणि एकशे बारा रकाने झाडून आंत आले. त्याबरोबर दुकानच्या रकान्यांतून जुन्या साच्यास जोडिलेल्या चाळीसही वाटा तुटल्या आणि संगणकाचा पडदा चुकांच्या इशाऱ्यांनी लालेलाल जाहला.

दोघे सकाळी नवास जोडावयास बसले. वाटेंत ‘खोक्याचा रंग’ नामक रकाना आला, जो पेढीच्या सात पिढ्यांस लागणार नाही, आणि अण्णासाहेबांचा हात शिवशिवू लागला.

“अण्णा, राहू द्या तो,” ताई म्हणाली. “रिकामा राहील, कोणाला चावणार नाही.”

अण्णासाहेबांनी तो राहू दिला. लेखकाचे मते या मोहिमेंतील थोर पराक्रम तो हाच. दुपारी चारास चाळीस वाटा जोडून जाहल्या, आणि एकेचाळिसावी प्रिझमची जोडिली, मग काकूसाहेबांचाच नंबर पुढे रवाना केला आणि कारखान्याचा जबाब आला की, प्रिझमसह मिळाले. शिवाय आठ वर्षांतील निरोप चाळून आणखी सतरा गिऱ्हाइके सांपडली ज्यांचे प्रिझम असेच वाटेंत गळाले होते. त्या सर्वांस नवे चष्मे, आणि अण्णासाहेबांच्या सहीचे माफीपत्र. इतउपर परका साचा आयात करावा, त्यास कोणी पेन लावू नये, ऐसा हुकूम निघाला, मसुदा अण्णासाहेबांचा.

पांचव्या दिवशी चौथा चष्मा आला. अण्णासाहेब तो स्वतः घेऊन घरी गेले. काकूसाहेबांनी लाविला, भिंतीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, मग यजमानांकडे अंमळ न्याहाळून म्हणाल्या, “एक आहात. दाढी करा.” आणि कोणाचा हात न धरितां जिन्याकडे गेल्या. अण्णासाहेब वरतीच थांबले, कठडा घट्ट धरून, प्रत्येक पायरी मोठ्याने मोजीत. चौदा पायऱ्या, चौदाच भरल्या. फत्ते जाहली ती याच मुक्कामी, ऐसे दप्तरी नमूद केले असे.