सासूबाईंच्या रुमालाची खळ

"रुमालाला खळ घालायला काय अक्कल लागते? द्या इकडे!" विंको छाती ठोकून म्हणाला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

कामनिक गावच्या वार्षिक मिरवणुकीत त्याच्या सासूबाई, उर्शाबाई, चाळीस वर्षं पारंपरिक पोशाखात पहिल्या रांगेत चालत. डोक्याला बांधायचा पांढरा कशिदा केलेला रुमाल, म्हणजे पेचा, त्या स्वतःच कडक करत. यंदा नेमकं मनगट मुरगळलं! विंकोचा डोळा होता सासऱ्यांच्या मखमली जाकिटावर, चांदीच्या बटणांच्या. ते घरच्या माणसानंच घालायचं, आणि लग्नाला नऊ वर्षं झाली तरी जावई पाहुणाच!

"पेचा ताठ उभा राहिला, तर जाकिटाचं बघू," सासूबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी विंकोनं खळीचा डबा उघडला, तर रिकामा! दुकानं बंद. पण तो मधमाश्या पाळायचा, त्यांना पाजायला आणलेल्या साखरेला घरात तोटा नव्हता.

"अहो, साखरेच्या पाकात बुडवताय?" बायको झोफ्का किंचाळली.

"लेस करणाऱ्या बायका असंच करतात. कुणाला कळतंय!"

इस्त्री फिरली आणि पेचा पापडासारखा कडक झाला. सासूबाईंनी बोटानं टिचकी मारून पाहिली. टण्णकन वाजला, तशा खूश झाल्या.

मिरवणूक निघाली. बँड वाजत होता, लाल छत्र्या डुलत होत्या, आणि चामड्याच्या तुमानीत घाम पुसत विंको सासूबाईंशेजारी चालत होता. ऊन तापलं. एक माशी आली. मग दहा. मग तर विचारूच नका!

"जावईबापू, माझ्या डोक्यावर काय गुणगुणतंय?"

"बँड असेल, आई."

"बँड पुढे आहे!"

विंकोनं वर पाहिलं. आपल्याच पेटीतल्या मधमाश्या! सप्टेंबरात इथली फुलं संपलेली, बिचाऱ्या उपाशी. जाकीट गेलं, ते गेलंच. पण म्हातारीला चावल्या तर?

"आई, हलू नका!" त्यानं मागची गाठ सोडली, पेचा माश्यांसकट उचलला आणि आपली टोपी काढून सरळ स्वतःच्या डोक्याला बांधला.

"मेल्या, मला भर रस्त्यात उघड्या डोक्यानं चालवतोस?"

त्यानं झटकन ती टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. एक माशी त्याच्या कानाला डसली. सासूबाईंनी टोपी तिरकी केली, कोपरानं त्याला ढोसलं आणि म्हणाल्या, "ताठ चाल! लोक बघताहेत." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, हे मुद्दामच बसवलंय!

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोघांचा फोटो आला. विंकोच्या मिशीवर नेमकी पेच्याची सावली पडलेली. खाली छापलं होतं: 'उर्शाबाई आणि त्यांची थोरली बहीण.'

विंको तोंड लपवून बसला. सासूबाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग उठल्या, कपाट उघडलं आणि जाकीट त्याच्या मांडीवर टाकलं.

"माश्यांसाठी नाही हं," त्या लाजत म्हणाल्या. "त्या 'थोरली'साठी!"